टॉवेलाच्या धाग्यामागचे २०१७

अक्कलकोट रोड एमआयडीसीत विणल्या जाणाऱ्या सोलापुरी टॉवेलाचा इतिहास मागावर सुरू होत नाही. तो कपाशीच्या शेतात, फवारणी पंपापाशी सुरू होतो.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याच वर्षी जानेवारीत ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठाच्या नीना मित्तर व सहकाऱ्यांनी ‘बायोक्ले’ जगापुढे मांडले होते.

त्याचे मूळ १९९८ मधले. दुहेरी धाग्याचा आरएनए नेमक्या एका जनुकाला मुके करतो, हे अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी दाखवले. २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. मात्र उघडा आरएनए पानावर फार काळ टिकत नाही. बायोक्लेने तो मातीच्या नॅनोपत्र्यांवर बांधला. माती विरत जाते तसा तो सुटतो. एकाच फवारणीने तंबाखूच्या पानांचे विषाणूपासून किमान २० दिवस रक्षण झाले.

तरीही कपाशीची लढाई वेगळी. बोंडअळीसारख्या अळ्यांच्या आतड्यात आरएनए झपाट्याने तुटतो. तिथवर त्याला सुखरूप पोचवणारे वाहन सापडणे, हाच या इतिहासाचा पुढचा अध्याय. तोवर पंप पाठीवर घेणाऱ्याचा श्वास पणाला लागलेलाच आहे.