खामगांव : वऱ्हाडांतील कापसाची पेठ

वऱ्हाडचा इतिहास म्हटला कीं गाविलगड, नरनाळा, बाळापूर हीं नांवें पुढें येतात. तेथें तट आहेत, शिलालेख आहेत. बुलढाणा जिल्ह्यांतील खामगांव केवळ पेठेनें वाढलें. इ. स. १८२० च्या सुमारास कांहीं व्यापाऱ्यांनीं येथें दुकानें घातलीं. माल तूप व सूत, कापूस थोडाच. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत दिलें. पुढें १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी माजून तेथील कापूस लँकशायरच्या गिरण्यांस मिळेना, तेव्हां वऱ्हाडच्या रुईला एकाएकीं भाव चढला. युद्ध संपतांच तो कोसळला. तथापि पेठ मोडली नाहीं. नागपूरचा लोहमार्ग गांवास टाळून जलंबवरून गेला होता. तेथून सुमारें ८ मैलांचा फांटा खामगांवास आणला गेला, व १८७० सालीं तो उघडण्यास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. आठ मैलांसाठीं व्हाइसरॉय! मँचेस्टरची निकड याहून स्पष्ट कोणत्या सनदेंत सांपडेल?

अशा पेठेचें खरें दप्तर म्हणजे अडत्यांच्या रोजकीर्दी, खतावण्या व हुंड्या. पोथ्या-बखरींचे संग्राहक त्यांकडे पाहत नाहींत, हें आम्हांस योग्य वाटत नाहीं. कुणब्यानें पेरणीपूर्वीं किती उचल घेतली, आणि तोलाई, हमाली, धर्मादाय व व्याज वजा जातां गाडीमागें त्याच्या हातीं काय पडलें, हें सरकारी अहवालांपेक्षां त्या वह्यांतच नेमकें कळेल. त्यांतील कित्येक मोडींत, कित्येक मारवाडी महाजनी अक्षरांत असावयाच्या. मोडी वाचणारांनीं तें दुसरें वळणही आतां शिकून घ्यावें.