दावणीवरचा रिकामा खुंटा

तिकोणा गडाच्या पायथ्याला, तिकोणा पेठेसारख्या गावात, पावसाळा म्हणजे भातलावणी. चिखलणीला पॉवर टिलर आले तरी काही घरांत बैलजोडी अजून आहे. त्यातला एक गेला की उरलेला वैरणीला तोंड लावत नाही. घरधनी मात्र त्याच संध्याकाळी चरवी घेऊन गाईची धार काढायला बसतो. वासरू थांबत नाही, गाय थांबत नाही. पाळीव प्राण्यांच्या मृत्यूनंतरच्या शोकाचा अभ्यास करू पाहणाऱ्याने या धार काढणाऱ्या माणसापासून सुरुवात करावी, असे मला वाटते.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडले की, शोकात माणूस पायरी-पायरीने पुढे सरकत नाही. दुःखात बुडणे आणि कामाला लागणे यांत त्याची ये-जा चालू असते. गोठ्यात ही ये-जा उघड दिसते. त्याआधी १९८९ मध्ये केनेथ डोका यांनी समाज ज्याला मान्यता देत नाही अशा शोकाचा विचार मांडला होता. ‘जनावरच तर होते, दुसरे आणा’ हे वाक्य ज्याने ऐकले आहे, त्याला हा सिद्धान्त समजावून सांगावा लागत नाही.

आपल्याकडे ही मान्यता अगदीच नव्हती असे नाही. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने महाराजांचे प्राण वाचवले असे सांगतात. शेतकरी घरांत बैलाला हळद-कुंकू लावून शेतातच पुरतात, काही जण दहावाही घालतात. बैलाला विधी आहे, म्हणून त्याच्यासाठी चारचौघांत रडता येते. अंगणातल्या कुत्र्याला, मांजराला तो नाही, आणि तिथेच माणूस एकटा पडतो. २०२२ साली जनावरांत लंपी या त्वचारोगाची साथ आली तेव्हा राज्य सरकारने बैलामागे २५ हजार आणि दुभत्या गाईमागे ३० हजार रुपये मदत ठरवली. ती गरजेचीच होती. पण पंचनाम्याच्या कागदावर जनावराच्या नावाला रकाना नसतो.

या विषयातला सर्वांत अवघड भाग अपराधी भावनेचा. माणसाच्या मृत्यूत सहसा निर्णय आपला नसतो. इथे जनावर बरे होणार नसले की डॉक्टर विचारतात, ‘कायमचे झोपवायचे इंजेक्शन द्यायचे का?’, आणि हो म्हणावे लागते. त्या ‘हो’चे ओझे वर्षानुवर्षे वाहणारी माणसे आहेत. वेदना थांबवण्यासाठी दिलेला होकार हा मायेचाच भाग आहे, हे त्यांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे. मुलांशीही खरेच बोलावे. ‘त्याला गावाला सोडले’ असे सांगितलेले मूल वाट पाहत राहते, आणि मोठ्यांवरचा विश्वासही गमावते.

मानसशास्त्र, पशुवैद्यक आणि लोकजीवनाचा अभ्यास असे तिन्ही रस्ते इथे येऊन मिळतात. कोणत्याही रस्त्याने आलात तरी तुमचे स्वागत आहे. एकच विनंती: प्रश्नावली हातात घेण्याआधी अशा एखाद्या घरी जा. गेलेल्या जनावराचे नाव विचारा, त्याला कुठे पुरले ते विचारा, आणि समोरचा बोलेल तेवढा वेळ मध्ये न बोलता ऐका.