‘दिगा’ : एका अदबीची पूर्वपीठिका

स्पॅनिश भाषेत ‘देसीर’, म्हणजे सांगणे, हे क्रियापद जितके नित्याचे, तितकीच त्याच्या आदरार्थी आज्ञेची पूर्वपीठिका दरबारी आहे. बरोबरीच्या मनुष्यास ‘दी’, सांग, एवढे एकाक्षर पुरे. परंतु ज्या सोळाव्या शतकातील स्पेनमध्ये पदव्यांच्या आणि मायन्यांच्या हव्यासाने इतका कहर केला होता की, १५८६ साली दुसऱ्या फिलिप राजाला खास फर्मान काढून त्यांस मर्यादा घालावी लागली आणि स्वतःकरिताही केवळ ‘सेन्योर’ एवढेच संबोधन ठेवावे लागले, तेथे प्रतिष्ठितास प्रत्यक्ष ‘तू’ न म्हणता ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, असे बोलण्याचा प्रघात होता. हेच लांबलचक संबोधन लोकांच्या जिभेवर झिजत झिजत सतराव्या शतकात ‘उस्तेद’ झाले.

आता कृपा पडली तृतीय पुरुषी, आणि तृतीय पुरुषास आज्ञा करण्याचे स्वतंत्र रूप तर भाषेपाशी नव्हते. तेव्हा लॅटिनपासून चालत आलेले, इच्छा, शंका व संभाव्यता दर्शविणारे रूप कामी आले : ‘दिगा’, कृपेने सांगावे. निषेधात तर ‘तू’लाही याच रूपाचा आश्रय घ्यावा लागतो : ‘नो दिगास’, सांगू नकोस. ‘यावे, बसावे’ यांतील विध्यर्थ ज्याच्या कानांत मुरला आहे, त्यास या अदबीचे मर्म निराळे समजावून द्यावयास नको. स्पेनमध्ये दूरध्वनी उचलणारा मनुष्य आजही, पलीकडे कोण आहे हे ठाऊक नसता, पुष्कळदा पहिला शब्द उच्चारतो तो ‘दिगा’.