वृद्धगृहातले मुके दुखणे

भगिनींनो, स्मरणिकेसाठी दरवर्षी माझ्याकडून पाककृती घेतली जाते. यंदा मात्र "इतिहासाचे काहीतरी लिहा" असा संपादक-भगिनींचा आग्रह पडला. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. शिवकालावर आणि पेशवाईवर अधिकाराने लिहिणाऱ्या विदुषी आपल्या मंडळात आहेत, त्यांच्या पंक्तीला बसण्याचे धाडस मी करीत नाही. पण मंडळाच्या बुधवारच्या भेटीच्या निमित्ताने गेली चार वर्षे मी वृद्धाश्रमात जाते. तिथे जे दुखणे डोळ्यांना दिसते त्यालाही इतिहास आहे, हे मला ठाऊक नव्हते. माझी भाची परिचारिका आहे. तिने इंग्रजी पुस्तके वाचून मला तो समजावून सांगितला. तोच इथे माझ्या शब्दांत मांडते.

प्रथम एक खुलासा. आपल्याकडे "नर्सिंग होम" म्हटले की बाळंतपणाचा खासगी दवाखाना डोळ्यांपुढे येतो. इंग्लंड-अमेरिकेत त्याचा अर्थ वेगळा आहे. ज्या वृद्धांना उठणे-बसणे, आंघोळ, औषधपाणी एकट्याने जमत नाही, त्यांनी कायमचे राहण्याचे ते ठिकाण. मी त्याला वृद्धगृह म्हणेन. आणि उदासी म्हणजे दोन दिवस करमत नाही ती नव्हे. निदान दोन आठवडे, रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन खचलेले असणे, कशातच गोडी न वाटणे, याला डॉक्टर आजार मानतात. त्यालाच डिप्रेशन म्हणतात.

या वृद्धगृहांचे मूळ इंग्लंडच्या गरीबगृहांत आहे. 1834 साली तिथे गरिबांसाठी नवा कायदा झाला. ज्याला पोटाला मिळत नाही त्याने सरकारी गरीबगृहात यावे, आणि तिथले जिणे असे कष्टाचे असावे की कोणी सुखासुखी येऊ नये, असा त्यामागचा हिशेब! पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. चाळीस-पन्नास वर्षे संसार केलेली म्हातारा-म्हातारीही त्यातून सुटली नाहीत. साठीच्या पुढच्या जोडप्यांना वेगळे राहायची सक्ती करू नये, असा सुधार 1847 साली झाला. एवढी माया सुचायला कायद्याला तेरा वर्षे लागली. त्या म्हाताऱ्यांच्या मनाचे काय झाले असेल याची नोंद कोणी ठेवली नाही, कारण विचारणारे कोणी नव्हते.

विचारणारी पहिली व्यक्ती बाईच निघाली, याचा मला विशेष आनंद वाटतो. डॉक्टर मार्जरी वॉरन. लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात त्या काम करीत. 1935 साली शेजारच्या जुन्या गरीबगृहाचे 714 रुग्ण त्यांच्या ताब्यात आले. बहुतेक म्हातारे आणि वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले. कोणाला अर्धांग, कोणाला विस्मरण, तर कोणाला काहीच नाही, नुसते झोपवून ठेवलेले. बाईंनी एकेकाला तपासले, निरनिराळे गट केले. भिंतींना उजळ रंग दिला, उजेड वाढवला, रंगीत पांघरुणे आणवली, माणसांना खाटेवरून उठवून चालायला शिकवले. कित्येक जण आपल्या पायांनी घरी गेले आणि पुष्कळ खाटा रिकाम्या झाल्या. बरे होण्याची आशा गेली आणि आपण परस्वाधीन झालो हे कळले, की माणसाचा स्वाभिमान जातो, मग तो निर्विकार तरी होतो नाहीतर चिडखोर तरी, असे त्यांनी 1946 सालच्या लेखात लिहून ठेवले आहे. म्हातारा किरकिर करतो म्हणून त्याला दोष देणाऱ्यांनी हे वाक्य लक्षात घ्यावे.

तरीही मोठे कोडे सुटायचे होते. त्या काळी म्हातारपणी मन बिघडले की सरसकट "मेंदू झिजला" म्हणत. आपणही "साठी बुद्धी नाठी" म्हणतोच. मग उपचार कशाला करायचा? हा समज मोडण्याचे श्रेय डॉ. मार्टिन रॉथ यांचे. इंग्लंडच्या दक्षिणेस चिचेस्टर गावी ग्रेलिंगवेल नावाचे मनोरुग्णालय होते. तिथे दाखल झालेल्या साठीच्या पुढच्या रुग्णांची कागदपत्रे त्यांनी काढली, आणि अमक्या आजाराच्या माणसाचे सहा महिन्यांनी काय झाले, दोन वर्षांनी काय झाले, याचा माग काढला. उदासीने आजारी पडलेल्यांपैकी बरेच जण सुधारून घरी गेले होते. खऱ्या बुद्धिभ्रंशाचे बहुतेक रुग्ण दोन वर्षांत वारले होते. म्हणजे दोन्ही आजार वरून सारखे दिसले तरी त्यांच्या वाटा निराळ्या. 1955 साली हा लेख छापला गेला. भाची म्हणते, वृद्धांच्या मनाच्या वैद्यकाचा पाया इथे पडला. माझ्यासारखीला यातली गंमत वाटते ती अशी, की कोणतेही यंत्र नाही, औषध नाही. जुनी कागदपत्रे नीट वाचली एवढेच.

पुढे 1961 साली डॉ. किलो यांनी बुद्धिभ्रंशाचे सोंग घेतलेल्या आजारांवर लिहिले. सोंग रुग्णाचे नव्हे, आजाराचे. उदास म्हातारीला विचारा, "आज वार कोणता?" ती म्हणेल, "मला नाही माहीत, माझे डोकेच चालत नाही." आणि तोंड फिरवील. बुद्धिभ्रंश झालेली बहुधा काहीतरी उत्तर ठोकून देते, चुकले तर हसते, आपले विसरणे झाकू पाहते. उदासीचे विसरणे काही आठवड्यांत आलेले असते, दुसऱ्याचे हळूहळू, वर्षा-दोन वर्षांत. हा फरक काही प्रत्येक वेळी इतका स्वच्छ नसतो, आणि दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात. पण "आता वयच झाले" म्हणून कोणाला सोडून देण्यापूर्वी एकदा डॉक्टरांना दाखवावे. थायरॉईड कमी असणे, ब-12 जीवनसत्त्व कमी असणे, ऐकू न येणे, काही औषधांचा परिणाम, यांनीही माणूस असाच मंद दिसतो.

इकडे 1948 साली इंग्लंडात गरिबांचा जुना कायदा रद्द झाला. पण इमारती त्याच राहिल्या. समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी 173 वृद्धगृहे हिंडून पाहिली आणि 1962 साली त्यावर ग्रंथ लिहिला. उपासमार नाही, मारहाण नाही. तरी माणसांचे काम गेलेले, आप्त दुरावलेले, स्वतःची म्हणावी अशी जागा नाही, आणि कोणत्याही गोष्टीत निर्णय आपला नाही. उदासी बाहेरून येते ती अशी, दाराच्या फटीतून वारा यावा तशी.

निर्णयावरून अमेरिकेतला एक प्रयोग सांगितलाच पाहिजे. कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धगृहात एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोघी मानसशास्त्रज्ञांनी तो केला व 1976 साली प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितले, "तुमची खोली तुम्ही हवी तशी लावा, सिनेमा कोणत्या रात्री पाहायचा ते तुम्ही ठरवा, आणि हे रोप घ्या, त्याची निगा तुम्ही राखा." दुसऱ्या मजल्यावरही रोपे दिली, सिनेमाही दाखवला; पण पाणी परिचारिका घालणार, आणि रात्र व्यवस्थापक ठरवणार. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरचे लोक अधिक हसरे, अधिक हिंडते-फिरते दिसू लागले. दीड वर्षाने पाहिले तर पहिल्या गटातले 47 पैकी 7 आणि दुसऱ्यातले 44 पैकी 13 वारले होते. माणसे थोडी होती, आणि आकडेमोडीत चूक राहिल्याने मरणाचा हा फरक आधी वाटला तितका पक्का नाही, हेही पुढे छापले गेले. तेव्हा रोपाने आयुष्य वाढते असे कोणी घरी जाऊन सांगू नये. पण हसू आणि हिंडणे वाढले, हेही थोडे नव्हे. आपल्या आश्रमात एक आजी मेथी निवडायला बसू पाहतात, तर "आजी, तुम्ही आराम करा" म्हणून त्यांच्यापुढचे ताट उचलतात. उचलणाऱ्याच्या मनात प्रेमच असते. पण त्या आजींनी आयुष्यभर दुसरे काय केले? आणि आता दिवसभर करायचे तरी काय?

आता ओळखायचे कसे, याचा इतिहास. उदासी मोजण्याच्या जुन्या प्रश्नावल्या तरुणांसाठी केलेल्या होत्या. झोप लागते का, भूक लागते का, थकवा येतो का? म्हातारपणी सांधे दुखतात, रात्री चार वेळा उठावे लागते, दात नाहीत म्हणून जेवण जात नाही. मग सगळेच उदास ठरायचे, किंवा कोणीच नाही! कॅलिफोर्नियात डॉ. जेरोम येसावेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर प्रश्न गोळा करून, वृद्धांना विचारून, त्यांतले तीसच ठेवले. 1983 साली ते पूर्णपणे प्रसिद्ध झाले, आणि 1986 साली त्यांची पंधरा प्रश्नांची आखूड यादी निघाली. उत्तर फक्त होय किंवा नाही. शरीराच्या तक्रारी जवळजवळ वगळलेल्या. आयुष्य रिकामे वाटते का, आवडीची कामे सुटली आहेत का, बाहेर जाण्यापेक्षा खोलीतच बसावेसे वाटते का, असा त्यांचा रोख. पंधरापैकी पाचाहून अधिक उत्तरे उदासीकडे झुकली तर डॉक्टरांनी नीट तपासावे. ही चाळणी आहे, निवाडा नव्हे. स्मृती फार गेलेल्यांना असे प्रश्न विचारून उपयोग नसतो, म्हणून 1988 साली डॉ. अलेक्सोपोलस यांच्या चमूने निराळी यादी केली. तिच्यात सांभाळणाऱ्यालाही विचारतात.

आमच्या बायकांची मात्र आणखी एक अडचण आहे. "आजी, समाधानी आहात ना?" असे विचारले तर दहापैकी नऊ जणी "देवाच्या कृपेने सगळे ठीक" म्हणतील, मग आत काहीही असो. उलट "देवाने आता न्यावे" हे तर आपल्याकडे चहा पितानाही म्हणतात. म्हणून मी शब्दांपेक्षा चहाकडे पाहते. न्यावे म्हणून पुन्हा अर्धा कप मागणारीची मला काळजी वाटत नाही. कप तसाच गार होऊ देणारीची वाटते. वेणीफणी सोडलेली, लुगडे बदलायला कंटाळणारी, पहाटे तीनला जागी होऊन बसणारी, भजनाला उठून जाणारी पण आता भिंतीकडे तोंड करून पडणारी, "मी सगळ्यांना ओझे झाले" म्हणणारी. कित्येक जणी मनाचे नाव काढीतच नाहीत. पोटात आग पडते, डोके जड आहे, एवढेच सांगतात. आणि कोणी "मी स्वतःला संपवीन" असे काही बोलली, तर ते बोलणे हसण्यावारी न नेता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, आणि तोवर तिला एकटे सोडू नये.

दुर्दैव असे, की अशा रुग्णाचा कोणाला त्रास नसतो. ओरडणाऱ्याकडे सगळे धावतात. गप्प बसणाऱ्या आजींविषयी "फार शांत आहेत हो, काही मागत नाहीत" असे कौतुकाने सांगतात. अमेरिकेत डॉ. बॅरी रोव्हनर यांनी वृद्धगृहांत नव्याने आलेल्या 454 जणांची पाहणी 1991 साली प्रसिद्ध केली. शंभरात सुमारे तेरा जणांना तीव्र उदासी होती, आणखी अठरा जणांना तिची लक्षणे होती, आणि तिथल्या डॉक्टरांच्या नजरेतून त्यांतले बहुतेक सुटले होते. तीव्र उदासी असलेल्यांमध्ये वर्षभरात मरण्याचे प्रमाणही जास्त आढळले. औषधे तर 1950 नंतरच्या दशकातच निघाली होती. म्हणजे उपाय होता, पण दुखणे दिसत नव्हते. ही औषधे लागू पडायला काही आठवडे लागतात, वृद्धांना जरा जास्तच. चार दिवसांत गुण नाही म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नयेत. जोडीला बोलणे, चालणे-फिरणे, हाताला काम, हेही डॉक्टरच सांगतात.

अमेरिकेने 1987 साली वृद्धगृहांसाठी कायदा केला, माणसांना बांधून ठेवणे व गुंगीची औषधे देऊन गप्प करणे यांना आळा घातला, आणि प्रत्येकाची ठरावीक काळाने तपासणी सक्तीची केली. पण मनाविषयीचे रकाने परिचारिका आपल्या निरीक्षणावरून भरीत. ऑक्टोबर 2010 पासून नियम बदलला. ज्याला बोलता येते त्याला स्वतःलाच विचारायचे, आणि त्याचेच उत्तर लिहायचे. गरीबगृहाच्या कायद्यापासून इथवर यायला 176 वर्षे लागली!

आपल्याकडे 2007 साली ज्येष्ठ नागरिकांचा कायदा झाला. प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी निदान 150 जणांची सोय असलेले एक तरी निवासगृह असावे, असे त्यात म्हटले आहे. ज्येष्ठांसाठी 14567 हा दूरध्वनी आहे, आणि मनाच्या आजारासाठी 2022 पासून 14416 हा टेलिमानसचा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येते. बुधवारच्या गटाने हे दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून आश्रमाच्या जेवणघरात लावले आहेत. फोन मात्र अजून कचेरीत कुलपात असतो. त्याबद्दल व्यवस्थापकांशी बोलणे चालू आहे.