हेतू, प्रयत्न आणि कृती : इंटरनेटवरील फाइल-वाटपाच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रास्ताविक

इंटरनेटवरून गाणी, चित्रपट व संगणकप्रणाली यांची परस्पर देवाणघेवाण सुरू झाल्यावर स्वामित्वहक्काच्या (कॉपीराइट) कायद्यापुढे एक जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. एखाद्याने फाइल दुसऱ्यास दिली हे सिद्ध झाले नाही, परंतु देण्याचा त्याचा हेतू होता असे मानता येत असेल, तर तेवढ्यावरून त्यास दंडनीय ठरवावे काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा इतिहासाच्या अंगाने विचार केला आहे. कृतीचा अर्थ लावण्यासाठी हेतू पाहावाच लागतो; परंतु कृतीच्या पुराव्याची उणीव भरून काढण्यासाठी हेतू पुढे केला जातो, तेव्हा न्यायाची हानी होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मनोगताला शिक्षा

इंग्लंडमधील १३५१ च्या राजद्रोहविषयक कायद्यात राजाच्या मृत्यूची मनात योजना वा कल्पना करणे हाच गुन्हा सांगितला होता. मात्र ती कल्पना एखाद्या उघड कृतीतून प्रकट झालेली असली पाहिजे, अशी अटही त्याच कायद्यात होती. ही अट किती ताणता येते हे १६८३ मधील अल्जर्नन सिडनी याच्या खटल्यात दिसून आले. राजद्रोह सिद्ध होण्यास दोन साक्षीदार लागत; सरकारपाशी एकच होता. तेव्हा सिडनीच्या घरी सापडलेले, राजसत्तेच्या मर्यादांविषयीचे त्याचे अप्रकाशित हस्तलिखित दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी उभे करण्यात आले. लिहिणे हीच कृती होय, असा न्यायमूर्ती जेफ्रीज यांचा पवित्रा होता. ते लिखाण कोणाच्या हाती गेले होते काय, हा प्रश्नच उरला नाही. डिसेंबर १६८३ मध्ये सिडनीचा शिरच्छेद झाला आणि १६८९ मध्ये संसदेने ती शिक्षा रद्दबातल ठरवली. मृताला तिचा काय उपयोग, हा भाग निराळा.

आपल्याकडे १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या आधारे न्यायालयांनी उद्देश, तयारी, प्रयत्न व पूर्ण गुन्हा अशा पायऱ्या मानल्या. पहिल्या दोन पायऱ्यांवर सामान्यतः शिक्षा नाही, तिसरीवर आहे. ही सीमारेषा नेमकी कोठे, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. १९६८ साली वसई परिसरातील खाडीकाठी रात्रीच्या वेळी जीप व ट्रक यांतून आणलेली चांदी पकडली गेली. आरोपींची केवळ तयारी झाली होती, प्रयत्न नव्हे, असे मानून सत्र न्यायालयाने त्यांना सोडले आणि उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. चांदी लपवून खाडीच्या तोंडाशी आणणे ही कृतीच चोरट्या निर्यातीचा उद्देश उघड करणारी आहे, असे न्यायमूर्तींनी मानले. येथे हेतू कृतीतून वाचला गेला. कृतीच्या जागी तो बसवला गेला नाही.

सामायिक फोल्डरचा पेच

अमेरिकेत हाच प्रश्न संगणकाच्या पडद्यावर आला. १९९४ साली एमआयटीतील एका विद्यार्थ्याने संगणकप्रणाली फुकट उतरवून घेण्याची सोय केली होती. परंतु त्यामागे आर्थिक लाभाचा उद्देश नसल्याने तत्कालीन कायद्याखाली त्याच्यावरील आरोप टिकला नाही. ही फट बुजविण्यासाठी १९९७ मध्ये नवा कायदा झाला. त्याने ‘आर्थिक लाभ’ या संज्ञेत दुसरी स्वामित्वहक्काधीन कृती मोबदल्यात मिळण्याची अपेक्षासुद्धा समाविष्ट केली. पुढे मे २००७ मध्ये तत्कालीन अ‍ॅटर्नी जनरल अल्बर्टो गोन्झालेस यांनी उल्लंघनाचा निव्वळ प्रयत्नही पूर्ण गुन्ह्याइतकाच शिक्षापात्र करावा, असा प्रस्ताव मांडला. पुढच्या वर्षी संमत झालेल्या कायद्यात ही तरतूद आली नाही.

त्याच वर्षी मिनेसोटा राज्यात ध्वनिमुद्रण कंपन्यांनी एका सामान्य महिलेविरुद्ध चालवलेला दिवाणी दावा निकालात निघाला. ‘काझा’ या प्रणालीतील तिच्या सामायिक फोल्डरमध्ये १,७०२ फाइली आढळल्या. दावा त्यांतील २४ गाण्यांपुरता होता. त्या गाण्यांच्या प्रती तिच्याकडून कोणा त्रयस्थाने घेतल्याचा प्रत्यक्ष पुरावा नव्हता. घेतल्या होत्या त्या कंपन्यांनीच नेमलेल्या तपासनिसांनी. तरीही फाइली उपलब्ध ठेवणे म्हणजेच वितरण, असे ज्यूरींना सांगण्यात आले आणि त्यांनी २,२२,००० डॉलरची भरपाई ठरवली. २००८ मध्ये न्यायाधीश मायकेल डेव्हिस यांनी हे मार्गदर्शन चुकीचे होते असे मान्य करून फेरसुनावणीचा आदेश दिला. कायद्यात ‘वितरण’ असे म्हटले आहे, ‘वितरणाची शक्यता’ असे नव्हे, हा त्यांच्या निर्णयाचा गाभा. पुढील सुनावण्यांत ज्यूरींनी ठरवलेली रक्कम आधी १९,२०,००० आणि नंतर १५,००,००० डॉलरपर्यंत गेली; न्यायाधीशांनी ती दोन्ही वेळा ५४,००० वर आणली. अखेर २०१२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने मूळची २,२२,००० ही रक्कम पुन्हा लागू केली. मूळ प्रश्नावर मात्र त्या न्यायालयाने निर्णयच दिला नाही.

येथे सिडनीच्या हस्तलिखिताची आठवण होणे स्वाभाविक आहे. फरक असलाच तर तो अधिक चिंताजनक आहे. सिडनीने निदान लेखणी हाती धरली होती आणि वसईच्या ट्रकचालकाला खाडीची वाट ठाऊक होती. काझा वापरणाऱ्याने उतरवून घेतलेली फाइल मात्र, त्याने मुद्दाम सोय बंद केली नाही तर, आपोआप सामायिक होत असे. यंत्राच्या पूर्वनियोजित मांडणीवरून माणसाचा उद्देश कसा ठरवावा?

भारतीय कायद्यातील शब्द

अमेरिकेत वादग्रस्त राहिलेला मुद्दा भारतात बव्हंशी शब्दांनीच मिटवला आहे. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने ‘जनतेस संप्रेषण’ या संज्ञेची जी व्याख्या आली, तीत कृती उपलब्ध करून देणे पुरेसे आहे. ती प्रत्यक्षात कोणी पाहिली वा ऐकली की नाही हे गौण आहे. म्हणजे येथे सामायिक फोल्डर हीच पूर्ण कृती ठरू शकते. दुसरीकडे, दंड संहितेचे प्रयत्नविषयक कलम ५११ त्या संहितेतीलच अपराधांपुरते होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६२ चेही तसेच आहे. त्यामुळे स्वामित्वहक्कभंगाच्या निव्वळ प्रयत्नास ते लागू पडत नाही.

मात्र अधिनियमाच्या कलम ६४ अन्वये, अपराध ‘घडण्याचा संभव आहे’ अशी खात्री झाल्यास उपनिरीक्षक दर्जाचा पोलीस अधिकारी विनावॉरंट प्रती जप्त करू शकतो. शिक्षेच्या दारातून अडवलेला हेतू येथे जप्तीच्या दारातून आत येतो, आणि वसतिगृहातील विद्यार्थ्याचा संगणक एकदा उचलून नेला की शिक्षा व जप्ती यांतील भेद त्याच्या दृष्टीने फारसा उरत नाही. अशा वेळी त्याला आधार उरतो तो कलम ६३ मधील ‘जाणूनबुजून’ या एका शब्दाचा. फाइल सामायिक होत आहे हे आरोपीला ठाऊक होते, हे अभियोग पक्षाने स्वतंत्र पुराव्याने सिद्ध केले पाहिजे. फाइल फोल्डरमध्ये होती एवढ्यावरून ते गृहीत धरता कामा नये.