आगोट : रत्नागिरीच्या रोजच्या जेवणाचा इतिहास

मे महिना लागला की रत्नागिरीत स्वयंपाक अंगणात येतो. एका बाजूला आमसुलं वाळत असतात, ताटांत आंब्याचं साठं, सुपात कुळीथ, दोरीवर बोंबील, आणि कावळ्या-मांजरांनी तोंड घालू नये म्हणून घरातलं एखादं पोर काठी घेऊन राखणीला. पावसाळ्याच्या चार महिन्यांच्या या बेगमीला आमच्याकडे आगोट भरणं म्हणतात. लग्न होऊन भाट्याच्या खाडीजवळच्या या घरात आले तेव्हापासून मी दर उन्हाळ्यात आगोट भरते आहे. इतकी वर्षं भरून माझं एक मत पक्कं झालं आहे. उकडीचे मोदक, पातोळे, खांतोळी यांचं कौतुक सगळीकडे होतं, पण ते वर्षातले मोजके दिवस. उरलेल्या दिवसांची चव ठरवली ती आगोटीनं.

आगोट का लागायची, हे आता तरुण मुलांना समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग 26 जानेवारी 1998 ला सुरू झाला. त्याच्या कितीतरी आधी, रस्ते धड नव्हते त्या काळात मुंबईशी येणंजाणं होतं ते आगबोटीनं. बोट लांब पाण्यात उभी राहायची, आणि माणसं, वळकट्या, आंब्याच्या पेट्या पडावातून तिच्यापर्यंत जायच्या. पावसाळा तोंडावर आला की ही वाहतूक थांबायची. मचवे किनाऱ्यावर ओढून शाकारले जायचे, मासेमारी नारळी पौर्णिमेपर्यंत बंद. घाटावरचा गूळ, कांदा, सुकी मिरची आंबा घाटातून खाली यायची, तीही पावसाआधीच घेऊन ठेवावी लागे. थोडक्यात, मृगाचा पाऊस सुरू झाला की घरात जे असेल त्यावर भागवायचं.

बरं, शेतातही सुबत्ता नव्हती. 1880 साली रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटियर प्रसिद्ध झालं. त्यात भाताबरोबर नाचणी, वरी, हरीक या डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतल्या धान्यांच्या नोंदी आहेत, आणि पोटामागे मुंबईला जाणाऱ्या माणसांच्याही. भात खाचरात व्हायचा, पण तो वर्षभर पुरेल अशी घरं थोडी. बाकीच्यांची भूक नाचणीच्या भाकरीवर, वरीच्या भातावर आणि पेजेवर भागे. पुरुष गिरणीत किंवा पलटणीत, मनीऑर्डर कधी येईल याची खात्री नाही, आणि चुलीपुढे एकटी बाई. जिल्ह्याचा कारभार साहेबांनी आणि मामलेदारांनी पाहिला असेल; पावसाळ्यातलं अन्नाचं अंदाजपत्रक मात्र याच बाईनं केलं. भाद्रपदापर्यंत तांदूळ पुरेल का, कुळथाचं पीठ किती दळायचं, सुकट कुठल्या महिन्यात काढायची, याचा हिशोब ती तोंडी ठेवत असे.

कुळीथ घ्या. भात कापून झाला की खाचरात जी ओल उरते, तिच्यावर कुळीथ, कडवे वाल, पावटे येतात. वेगळं पाणी द्यावं लागत नाही. कुळीथ भाजायचे, जात्यावर भरडून टरफलं पाखडायची आणि डाळीचं बारीक पीठ दळून डब्यात भरायचं. श्रावणात बाहेर झड लागलेली असताना याच पिठाची पिठी होते. माझ्या सासूबाईंची रीत मी अजून मोडलेली नाही. तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण आणि सुकी मिरची. त्यात पाणी, मीठ आणि दोन आमसुलं. पीठ वेगळ्या भांड्यात पाण्यात कालवून घ्यायचं आणि उकळत्या पाण्यात एका हातानं धार सोडत दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं, नाहीतर गुठळ्या होतात. पिठी शिजली की तिला चकाकी येते आणि कच्चा वास जातो. वर ओलं खोबरं. गरम भात, पिठी आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. या ताटातलं एकही जिन्नस त्या दिवशी बाजारातून आणावं लागत नाही. बहुतेक सगळं उन्हाळ्यात करून ठेवलेलं.

आमसूल हे तर आगोटीतलं सगळ्यात मोठं शास्त्र. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, चिरून बिया आणि गर काढायचा. गराला मीठ लावलं की त्याला लालभडक रस सुटतो. सालं रात्रभर त्या रसात बुडवायची, सकाळी उन्हात पसरायची, संध्याकाळी परत रसात. असं पुटावर पूट चढत जातं आणि साल लाल, मग जांभळी, मग काळपट होते. केव्हा थांबायचं ते बोटांना कळतं: आमसूल वाकवलं तर मोडू नये आणि दाबलं तर बोटाला चिकटू नये. ओलसर राहिलं तर आषाढात बुरशी, फार वाळलं तर आंबटपणा असूनही चव नाही. बिया फेकत नाहीत. त्यांचं तेल काढून गोळे करून ठेवतात आणि थंडीत टाचांच्या भेगांना लावतात. हे झाड मूळचं आमच्याच सह्याद्रीच्या पट्ट्यातलं. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानं 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात या आंबट फळाची दखल घेतली आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं ते 2016 मध्ये. मधल्या साडेचारशे वर्षांत ही विद्या सासूकडून सुनेकडे अंगणातच गेली.

आगोटीचा कणा म्हणजे मीठ. कच्च्या फणसाचे गरे मिठाच्या पाण्यात, कैऱ्या मिठात, रातांब्याचं आगळ मिठात, मासळी मिठात. पावसात भाजी मिळेनाशी झाली की खारातले गरे काढायचे, पाणी बदलत बदलत त्यांचा खारटपणा उतरवायचा आणि मोहरी-मिरचीची फोडणी देऊन खोबरं घालून भाजी करायची. म्हणून इंग्रज सरकारचा मिठावरचा कर इथल्या बायकांना किती झोंबत असेल, याचा मला अंदाज करता येतो. मे 1930 मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला तेव्हा शिरोडं रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. सिंधुदुर्ग वेगळा झाला 1981 मध्ये. दांडी ते शिरोडं हा धडा आम्ही शाळेत स्वातंत्र्यलढा म्हणून शिकलो, आणि तो तसा आहेच. पण मे महिना हाच घरोघर बरण्या भरण्याचा महिना, आणि त्या बरणीतल्या मुठीमुठीवर सरकारचा कर होता, ही गोष्ट स्वयंपाकघरात उभं राहिलं की जास्त कळते.

आगोट जुनी असली तरी तिच्यात नव्याला कधी मज्जाव नव्हता. आज लाल मिरचीशिवाय आमचा मसाला होत नाही, पण मिरची आणि काजू हे दोन्ही अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेले. त्याआधी तिखटपणाला मिरी आणि तिरफळं होती. बांगड्याच्या कालवणात आम्ही ही तिरफळं आजही ठेचून घालतो. कुठल्यातरी पिढीतल्या बायांनी ही परकी मिरची वाळवून, कुटून, हिंगाचा खडा घालून बरणीत भरून पाहिली असणार, आणि ती पावसात टिकते हे कळल्यावरच ती घरची झाली. टिकेल ते ठेवायचं, ही आगोटीची कसोटी.

गव्हाचंही तसंच. सासूबाईंच्या लहानपणी घरात गहू सणाला यायचा. अमेरिकेबरोबर 1956 साली पीएल-480 चा धान्यकरार झाला आणि पुढच्या वर्षांत परदेशी गहू रेशनवर येऊ लागला. टंचाईत मिलो ही लाल ज्वारीही आली. राजापूरजवळच्या माझ्या माहेरी आई मिलोचं पीठ नाचणीच्या पिठात मिसळून, उकड काढून भाकरी थापायची, कारण नुसत्या मिलोची भाकरी तव्यावर तुटायची. चपाती रोज होऊ लागली ती त्यानंतर. नाचणी मात्र हळूहळू मागे पडली आणि हरीक तर ताटातून गेलाच.

पाककृतींची पुस्तकं आपल्याकडे लवकर आली. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ 1910 चं, कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ 1970 ची. ‘रुचिरा’ माझ्या लग्नात आईनं दिली होती आणि त्या पुस्तकाचे मी उपकार मानते; वाटी-चमच्याचं माप त्यानंच शिकवलं. पण आगोट पुस्तकात मावत नाही. कुठलं पुस्तक सांगेल की वाऱ्याची दिशा बदलली, आज साठं बाहेर टाकू नकोस? फणसाच्या आठळ्या लाल माती चोळून वाळवल्या की त्या गणपतीपर्यंत राहतात आणि टाकळ्याच्या भाजीत पडतात, हे मी शेजारच्या मावशींकडून शिकले. सोडे आणि वांग्याचं प्रमाण राजिवड्याहून सुकी मासळी घेऊन येणाऱ्या भाभींकडून. आगोटीची विद्या अशीच दारोदार फिरली.

रेल्वे आली, ट्रक बारमाही झाले, आणि आता भर जुलैत मारुती मंदिरच्या नाक्यावर फ्लॉवर मिळतो. यात दुःख करण्यासारखं काही नाही. पावसाळ्यात उपाशी राहिलेल्या घरांना विचारा. मी स्वतः फ्रीजरची आगोट भरते. रसाळ फणसाचा रस डब्यांतून गोठवते आणि श्रावणात तांदळाच्या कण्यांबरोबर सांदणं करते, जी एरवी फक्त मे-जूनमध्ये व्हायची. कुळथाच्या पिठात तांदळाचं पीठ आणि आगळ घालून घावन घालते. मुलांना पिठी नको असली तरी हे आवडतं. नाचणीची आंबील पुन्हा रोजची केली आहे, सोबत मिठातली कैरी.

पण दुसरीकडे उन्हाचा भरवसा गेला आहे. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा ऐन वाळवणाच्या दिवसांत पाऊस घरात शिरला. 2025 मध्ये तर 25 मे रोजीच पाऊस तळकोकणात पोहोचला. आमसुलांना शेवटची पुटं देण्याआधीच ऊन संपलं. ज्या वेळापत्रकावर ही सगळी विद्या उभी आहे, तेच सरकू लागलंय. आता आगोट लवकर सुरू करावी लागेल, काचेखालच्या वाळवणपेट्या वापराव्या लागतील, काही गोष्टी मिठाकडून फ्रीजरकडे न्याव्या लागतील. आपल्या आज्यांनी मिरचीशी आणि मिलोशी जे केलं, तेच आपल्याला या बदललेल्या आभाळाशी करायचं आहे.

त्यासाठी आधी त्यांचा हिशोब हाती हवा. गॅझेटियरनं आमची पिकं, बंदरं, मचवे मोजले. बरण्या मोजायला कोणी आलं नाही. ज्या घरात आगोट भरलेली म्हातारी आहे, त्या घरातल्या सुनांनी, मुलग्यांनीसुद्धा, येत्या चैत्रापासून वही घालावी. काय वाळवलं, कोणत्या तिथीला, किती मिठात, कशावरून ओळखलं, कोणत्या महिन्यात संपलं. रत्नागिरीच्या इतिहासाचं हे प्रकरण अजून लिहायचं राहिलं आहे, आणि ते सांगणाऱ्या बाया आज आपल्याच घरात आहेत.