खाडीकाठच्या दमट हवेत पिल्लाच्या त्वचेची निगा

मे महिन्याच्या सुटीत मुलांच्या हट्टापायी कुत्र्याचे पिल्लू घरी येते. पहिले काही आठवडे कौतुकात सरतात. जूनमध्ये पावसाला सुरुवात होते आणि पिल्लू सारखे अंग खाजवू लागते. पोटावर लाल पुटकुळ्या दिसतात, काखेत ओलसर वास येतो, कानामागचे केस विरळ झालेले असतात. मग घरातील एखादी वडीलधारी व्यक्ती खोबरेल तेल चोपडण्यास सांगते, शेजारी कडुनिंबाचा पाला सुचवतात, तर कोणी जाणकार थेट गोचिडांची पावडर आणून देतो. भाईंदर पूर्वेच्या नवघर, गोडदेव, खारीगाव किंवा इंद्रलोक परिसरातील इमारतींत हा अनुभव अनेक श्वानपालकांना येतो. या उपायांतील काही निरुपयोगी असतात, तर काही पिल्लाच्या जिवावर बेतू शकतात. त्यामुळे पिल्लाच्या त्वचेविषयीची मूलभूत माहिती प्रत्येक पालकाला असणे आवश्यक आहे.

त्वचा नाजूक, हवा दमट

कुत्र्याच्या अंगावर दाट केस असल्यामुळे त्याची त्वचा जाड असावी, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती उलट आहे. माणसाच्या बाह्यत्वचेत पेशींचे साधारण १० ते १५ थर असतात, तर कुत्र्याच्या बाह्यत्वचेत बहुतांश ठिकाणी ३ ते ५ थरच असतात. माणसाच्या त्वचेचा सामू ५.५च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. कुत्र्याचा तो ७च्या जवळ, म्हणजे जवळपास उदासीन असतो. म्हणूनच आपला साबण अथवा शाम्पू, मग तो तान्ह्या बाळाचा का असेना, पिल्लाला रोजच्या वापरासाठी योग्य नाही. त्याने त्वचेवरील तेलाचा संरक्षक थर निघून जातो, त्वचा कोरडी पडते आणि जंतू व बुरशी यांना वाट मोकळी होते.

त्यात येथील हवेची भर पडते. उत्तरेला वसईची खाडी, आजूबाजूला मिठागरे आणि पावसाळ्यात दिवसचे दिवस न वाळणारी हवा. मुंबई परिसरात एकट्या जुलै महिन्यात सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ग्रिल लावून बंद केलेल्या गॅलरीत कपडे वाळत नाहीत, तेथे पिल्लाचे अंथरूणही वाळत नाही. ओल्या केसांखालची उबदार त्वचा ही जंतूंसाठी आयती जागा असते.

आंघोळ किती, कशी?

पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत त्याला पूर्ण आंघोळ घालू नये. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ कापडाने अंग पुसणे पुरेसे असते. त्यानंतर निरोगी पिल्लाला साधारण तीन ते चार आठवड्यांतून एकदा आंघोळ पुरते. लसीकरणानंतर दोन-तीन दिवस आंघोळ टाळणे इष्ट.

पाणी कोमट असावे, गरम नव्हे. कानात पाणी जाऊ नये म्हणून कापसाचे मोठे बोळे कानाच्या तोंडाशी हलके ठेवावेत आणि नंतर आठवणीने काढावेत. कुत्र्यांसाठीचा सौम्य शाम्पू पाण्यात मिसळूनच लावावा व पूर्ण धुऊन काढावा. अंगावर राहिलेला शाम्पू हेच पुष्कळदा खाजेचे कारण ठरते. इमारतीत कूपनलिकेचे अथवा टँकरचे जड, खारट पाणी येत असेल तर शेवटचे दोन तांबे तरी पिण्याच्या पाण्याचे घालावेत.

आंघोळीइतकेच वाळवणे महत्त्वाचे. पंचाने केस रगडू नयेत, दाबून पाणी टिपावे. काखा, जांघा, बोटांमधील जागा आणि शेपटीचे बूड यांकडे विशेष लक्ष द्यावे. पगसारख्या चपट्या तोंडाच्या पिल्लांच्या चेहऱ्यावरील घड्या रोज कोरड्या पुसाव्यात. पावसातून फिरून आल्यावर पूर्ण आंघोळ घालण्याची गरज नसते. पंजे व पोट स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे केले की काम भागते.

विंचरणे म्हणजे रोजची तपासणी

रोज पाच मिनिटे विंचरण्याचे दोन लाभ आहेत. गळालेले केस निघून त्वचेला हवा लागते आणि पालकाचा हात रोज पिल्लाच्या सर्वांगावरून फिरतो. आखूड केसांच्या लॅब्रेडॉर किंवा गावठी पिल्लाला रबरी ब्रश, तर लांब केसांच्या पिल्लाला आधी ब्रश व मग रुंद दातांचा कंगवा वापरावा. चार ते सहा महिन्यांच्या वयात पिल्लाचे मऊ केस गळून प्रौढ केस येऊ लागतात. ही गळती सर्वांगावर सारखी असते आणि खालची त्वचा निरोगी दिसते. त्याची चिंता नको.

गोल्डन रिट्रीव्हर, हस्की यांसारख्या दुहेरी केसांच्या जातींचे केस 'उकडते' म्हणून पूर्ण भादरू नयेत. केसांचा हा थर त्वचेचे उन्हापासून रक्षण करतो आणि भादरल्यानंतर तो पूर्वीसारखा येईलच याची खात्री नसते.

गोचीड आणि पिसवा

आपल्याकडे पिल्लाच्या त्वचेचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे तपकिरी गोचीड. ही गोचीड केवळ गवतात नव्हे, तर घरातही सुखाने नांदते. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी कुत्र्याच्या अंगावरून उतरते आणि भिंतीच्या फटीत, चौकटीच्या सांध्यात किंवा पलंगाखाली अंडी घालते. एका मादीची अंडी चार हजारांपर्यंत असू शकतात. म्हणूनच पिल्लाच्या अंगावरच्या गोचिडी काढूनही दोन आठवड्यांनी नव्या दिसू लागतात. घराच्या व जिन्याच्या फटी साफ करणे, अंथरूण गरम पाण्यात धुणे आणि गरज भासल्यास कीटकनाशक फवारणी करणे हा उपचाराचाच भाग आहे. फवारणीच्या वेळी पिल्लाला घराबाहेर ठेवावे आणि फरशी पूर्ण वाळल्यावरच आत आणावे.

गोचिडीमुळे होणारा ताप हा खरा धोका आहे. एर्लिकिया आणि बबेसिया हे तिच्यावाटे पसरणारे रोग लहान पिल्लाला काही दिवसांत अत्यवस्थ करू शकतात. अंगात ताप, खाण्यावरची वासना उडणे, हिरड्या पांढुरक्या पडणे, नाकातून रक्त येणे, लघवीचा रंग गडद होणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे जाऊन रक्ताची तपासणी करावी.

गोचीड काढताना चिमट्याने त्वचेच्या अगदी जवळ धरून सरळ ओढावी. ती बोटांनी चिरडू नये, स्पिरिटमध्ये टाकावी. तिच्यावर रॉकेल ओतणे किंवा तिला चटका देणे हे प्रकार सर्वस्वी टाळावेत.

पिसू ओळखण्याची सोपी युक्ती आहे. कंगव्यात आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवावेत. कणांभोवती तांबूस डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजेच पचलेले रक्त आहे असे समजावे. पिसू गिळल्याने पिल्लाला पट्टकृमीही होतात. त्यामुळे अशा वेळी जंताचे औषधही विचारून घ्यावे.

औषधांच्या बाबतीत वय आणि वजन यांना पर्याय नाही. अफॉक्सोलॅनर किंवा फ्लुरालॅनर यांसारख्या आधुनिक गोळ्या साधारण आठ आठवड्यांपेक्षा लहान अथवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या पिल्लांना देत नाहीत. झटके येण्याचा पूर्वेतिहास असल्यास तो डॉक्टरांना आधी सांगावा. मोठ्या कुत्र्यासाठी आणलेली पावडर किंवा द्रावण पिल्लाला 'थोडेसे' लावणे धोक्याचे आहे. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेले औषध टाळावे. ते मांजरासाठी विषारी आहे.

खरूज की नायटा?

केसांचे गोल चट्टे गेले की सगळेच त्याला खरूज म्हणतात. पण कारणे वेगळी आणि उपचारही वेगळे. डेमोडेक्स हा सूक्ष्म कोळिडा पिल्लाला जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईकडून मिळतो. डोळ्यांभोवती, ओठांजवळ व पुढच्या पायांवर केस जातात, पण खाज फारशी नसते. तो माणसाला लागत नाही आणि मोजके चट्टे असल्यास पुष्कळदा प्रतिकारशक्ती वाढताच बरा होतो. सार्कोप्टिक खरूज मात्र प्रचंड खाजते, कानांच्या कडा व कोपरांवर खपल्या धरते आणि घरातील माणसांच्या अंगावरही पुरळ उठवते. जिन्याखाली जन्मलेल्या पिल्लांना घरी आणणाऱ्यांनी याची तपासणी आधी करून घ्यावी. तिसरा प्रकार बुरशीचा, म्हणजे नायट्याचा. तो लहान मुलांना सहज लागतो आणि त्याचे बीजाणू घरात महिनोन्महिने टिकतात.

या तिन्हींमधील फरक त्वचा खरवडून घेतलेल्या नमुन्याच्या सूक्ष्मदर्शक तपासणीने अथवा बुरशीच्या चाचणीने कळतो, नजरेने नव्हे. म्हणूनच औषधाच्या दुकानातून माणसांचे मलम आणून लावण्याची सवय घातक ठरते. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असते. दोन दिवस लाली कमी होते, घरचे निश्चिंत होतात आणि आतल्या आत डेमोडेक्स किंवा बुरशी फोफावते. शिवाय पिल्लू ते मलम चाटते. फिनेल, कापूर, टी ट्री तेल हेही पिल्लाच्या अंगावर लावू नये.

चमक ताटातून येते

केस हे प्रथिनांचे बनलेले असतात. कुत्रा आहारातून घेत असलेल्या प्रथिनांपैकी सुमारे २५ ते ३० टक्के त्वचा व केसांसाठी खर्च होतात, असे पशुवैद्यकशास्त्र सांगते. केवळ दूध-पोळी किंवा दूध-भातावर वाढणाऱ्या पिल्लाचे केस राठ व निस्तेज दिसतात, अंगावर कोंडा येतो, तो यामुळेच. वाढीच्या वयातील पिल्लांसाठीचे संतुलित खाद्य किंवा पशुवैद्यकांच्या सल्ल्याने आखलेला घरचा आहार द्यावा. अंडे उकडूनच द्यावे, कारण कच्चा पांढरा बलक बायोटिन शोषू देत नाही. शाकाहारी घरांनी प्रथिने, जस्त आणि आवश्यक स्निग्धाम्ले यांची पूर्तता कशी करायची हे डॉक्टरांकडून समजून घ्यावे. कांदा, लसूण आणि द्राक्षे मात्र कुठल्याही स्वरूपात नकोत.

पिल्लू आणताना आणि डॉक्टरांकडे जाताना

निरोगी त्वचेची सुरुवात खरेदीपूर्वीच होते. २०१७ च्या श्वानप्रजनन नियमांनुसार आणि २०१८ च्या पाळीव प्राणी विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. शक्य असल्यास पिल्लाची आई व ते राहात असलेली जागा पाहावी आणि पोटावरचे केस बाजूला करून त्वचा तपासावी.

तीन-चार पुटकुळ्या आणि खेळकर पिल्लू असेल तर स्वच्छता व कोरडेपणा राखून दोन दिवस वाट पाहता येते. परंतु चट्टे वाढत असतील, रात्रभर खाज असेल, पू येत असेल किंवा कानातून वास येत असेल तर थांबू नये. चार महिन्यांच्या आतील पिल्लाचे तोंड एकाएकी सुजले तरी ते निकडीचे समजावे. स्थानिक पशुवैद्यकांनी पुढील तपासणी सुचवल्यास परळ येथील बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आणि १८८६ मध्ये स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय यांचा आधार आहेच. जाताना लसीकरणाचे कार्ड, लावलेल्या सर्व औषधांची वेष्टने आणि चट्ट्यांची पहिल्या दिवसापासूनची छायाचित्रे सोबत न्यावीत. आणि तपासणीच्या आदल्या दिवशी पिल्लाला आंघोळ घालू नये.

पिल्लाला आपले दुखणे सांगता येत नाही. ते आधी त्वचेवर उमटते. रोजची पाच मिनिटे दिली तर ते वेळेवर वाचता येते.